वाडीतली पोरं कार्यक्रमाला येत नाहीत, मग सुरवात कुठून करायची?

प्रश्न असा आहे. गुहागर बाजूची साठेक घरांची वाडी, विचारणारा मुलगा सव्वीस वर्षांचा, मुंबईची नोकरी सोडून गावी राहायला आलेला. वाडीत तरुण मंडळ आहे पण गणपती, शिमगा आणि क्रिकेटच्या टुर्नामेंट सोडल्या तर काहीच होत नाही. ह्याने गणपतीनंतर करिअर मार्गदर्शन शिबिर ठेवलं, चिपळूणहून वक्ते बोलावले, बॅनर छापला, आणि आली चार मुलं. पैसे मुंबईकर, म्हणजे मुंबईत राहणारी गावचीच माणसं, देतात आणि काय करायचं ते पण तेच ठरवतात. "पोरांना इंटरेस्टच नाहीये ताई, मी काय करू?"

मी रत्नागिरी जिल्ह्यात वाड्यावाड्यांमधून हेच काम बरीच वर्षं करतेय, त्यामुळे उत्तर लांब होणार, चहा घेऊन बस.

सगळ्यात आधी ते इंटरेस्ट नाही वगैरे डोक्यातून काढून टाक. शिमग्यात पालखी घरोघर फिरते तेव्हा हीच पोरं रात्र रात्र जागतात, नमनाच्या (आपल्याकडचं लोकनाट्य) तालमीला दिवसभर कंपनीत राबून रात्री दहाला येऊन उभी राहतात, टुर्नामेंटच्या आधी भात कापलेल्या मळ्यात आठवडाभर पिच करत बसतात, तेव्हा कोणी हातापाया पडायला जात नाही त्यांच्या. फक्त हे बघ की ह्या सगळ्यात पोरांच्या वाट्याला नेमकं काय येतं. मंडप बांधणं, खुर्च्या उचलणं, पंगतीत वाढणं. वर्गणी किती काढायची, सभामंडपाला लादी बसवायची का पाखाडी (पायऱ्यांची पायवाट) दुरुस्त करायची, हे ठरतं गावकीच्या, म्हणजे गावातल्या जाणत्यांच्या, बैठकीत नाहीतर मुंबईच्या मंडळात. म्हणजे हमाली पोरांची आणि निर्णय जाणत्यांचा. क्रिकेट का चालतं मग? कारण तिथं टीम पोरं ठरवतात, स्पॉन्सर पोरं शोधतात, अंपायरशी भांडण झालं तर पोरंच मिटवतात, कोणी काका मधे बोलत नाही. तुझ्या शिबिरात त्यांना काय होतं? गप्प बसून ऐकणं. ते तर शाळेत पण होतं. तेव्हा पोरांना अजून एक कार्यक्रम देऊ नकोस, निर्णय दे आणि पैशाचा हिशोब दे, खराखुरा, ज्यात चुकलं तर वाडीत बोलणी बसतील असा. युवा कार्यक्रम आणि वाडीचा विकास ही दोन वेगळी कामं आहेत असं मला तरी आजवर वाटलेलं नाहीये.

आता पहिला महिनाभर काही आयोजित करू नको. फक्त भेट. बैठक बोलवून नाही, एकेकाला. वाडीतले "तरुण" हा एक गट नसतो हे तुला आठवड्यात कळेल. एक अकरावी-बारावीवाले, ज्यांचं सगळं आयुष्य एसटीच्या टायमिंगवर चालतं, पाचची गाडी चुकली की घरी यायला साडेसात. दुसरे लोटे नाहीतर जयगडच्या बाजूला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर जाणारे, त्यांची शिफ्ट बघूनच काही ठरवावं लागतं. तिसरे हंगामी, आंब्याच्या दिवसात बागेत, मग रिक्षा, मग बोटीवर, मग दोन महिने काही नाही, आणि ह्यांच्याकडे वेळ असतो पण ह्यांना कोणी मोजत नाही, उलट "तो काय करतो, फिरतो" म्हणून ओवाळून टाकलेला असतो. माझा अनुभव सांगते, पुढची पाच वर्षं वाडीचं काम ओढणारा माणूस बहुतेक ह्या तिसऱ्या गटातून निघतो, पदवीवाल्यातून क्वचित, कारण पदवीवाला दोन वर्षात पनवेलला नाहीतर विरारला गेलेला असतो, त्यात त्याची चूक पण नाही.

ह्यांना भेटायचं कुठं तर जिथं ते बसतात तिथं, साकवावर (ओढ्यावरच्या छोट्या पुलावर), दुकानाच्या ओट्यावर, पिचवर. विचारायचं काय? "गावासाठी काय करावंसं वाटतं" असलं अजिबात विचारू नकोस, त्याला सगळे भाषणातलं उत्तर देतात. विचार की गेल्या महिन्यात कशावरून डोकं फिरलं. मग बघ कसं बाहेर येतं, वहाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा, साकव हलतोय, दुकानासमोरचा दिवा दोन महिने बंद, रेंज नाही म्हणून ऑनलाइन फॉर्म भरायला डोंगरावर जावं लागतं, आईला एप्रिलमध्ये रात्री दोनला विहिरीवर नंबर लावावा लागतो. वहीत लिहून ठेव, कोण काय बोललं त्याच्या नावासकट, कारण ज्याचं डोकं ज्यावर फिरलंय तोच त्या कामाला उभा राहणार.

मुली ह्यातल्या एकाही ठिकाणी भेटणार नाहीत. साकवावर मुली बसत नाहीत आणि रात्री आठच्या बैठकीला घरून पाठवत नाहीत, म्हणून मग मंडळाच्या यादीत एक पण मुलगी नसते आणि आपण म्हणतो मुली पुढे येत नाहीत. त्यांच्याकडे जायचा रस्ता त्यांच्या आयांकडून जातो, आणि आया बचत गटात असतात. उमेद ह्या सरकारी अभियानाचे गट आता जवळपास प्रत्येक वाडीत आहेत, दर महिन्याला नेमाने बसतात, वही लिहितात, कर्ज देतात आणि वसूलही करतात, खरं सांगायचं तर तुमच्या तरुण मंडळापेक्षा कितीतरी पक्की संघटना आहे ती आणि पोरांना त्याचा पत्ताच नसतो. गटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताईंना जाऊन भेट, रविवारी दुपारी तीनची वेळ ठेव, आणि मुलींना हिशोबाचं काम दे, स्वागतगीत आणि रांगोळी नको. नव्याने लग्न होऊन आलेल्या सुना पण ह्यातच धर. त्यांनी दुसरं गाव बघितलेलं असतं, "आमच्याकडे असं करतात" हे वाक्य वाडीला फार उपयोगी पडतं, जरी सासूला आवडत नसलं तरी.

मग पहिलं काम. हे निवडताना मी चार गोष्टी बघते. दोन-तीन रविवारात संपलं पाहिजे, कोणाच्या मंजुरीसाठी महिनोन् महिने थांबायला लागू नये, संपल्यावर वाडीतल्या प्रत्येकाला येताजाता दिसलं पाहिजे, आणि जमिनीचा वाद त्यात नसावा. तू लिहिलंयस की आधी समाजमंदिराचं बघू. नको. त्यात चारही गोष्टी नाहीत.

आता गणपती होऊन गेलेत, भातकापणी उरकली की वनराई बंधारा घे, म्हणजे वहाळात मातीच्या पिशव्या रचून घातलेला कच्चा बांध. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलला टँकर मागवायला लागतो, कारण जांभ्या दगडातून पाणी खाली जातं, उतारावरून वाहतं आणि थेट खाडीला मिळतं. ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरमध्ये वहाळाला अजून बारीक धार असते तेव्हा ती अडवायची. खर्च जवळपास नाही, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, सुतळी, दाभण आणि कामावरच्यांचा नाश्ता. पिशवी गच्च भरू नका, पाऊणच्या आत माती-वाळू भरून तोंड शिवायचं म्हणजे ती नीट बसते आणि फट राहत नाही. थर लावताना वरच्या पिशवीने खालच्या दोन पिशव्यांचा सांधा झाकायचा, चिऱ्याचं बांधकाम करतात तसंच. मधे माती दाबून भरायची आणि वरून पाणी जायला एक बाजू थोडी खाली ठेवायची, नाहीतर पहिल्या अवकाळी सरीला सगळं वाहून जातं. जागा अशी हवी की वहाळ अरुंद, दोन्ही काठ पक्के आणि तळाला कातळ.

जागा ठरवणं हा ह्यातला खरा धडा आहे, बांधणं नाही. पाणी तुंबल्यावर कोणाच्या वायंगणीत (पावसाळ्यानंतरच्या भाताच्या शेतात) जाईल, खालच्या वाडीची विहीर त्याच वहाळावर जगते का, म्हशी कुठं पाण्याला नेतात, बायका धुणं कुठं धुतात, हे सगळं पोरांना विचारत फिरायला लागतं. खालच्या वाडीला न विचारता बंधारा घातला आणि रात्रीत कोणीतरी फोडला अशा गोष्टी आपल्याकडे काही नवीन नाहीत. तेव्हा पोरांनाच खाली पाठव बोलायला, तू जाऊ नकोस. परत येऊन ती जे सांगतील त्यावर बंधारा दहा फूट वर सरकवायचा का ते त्यांनीच ठरवू दे, तुला पटलं नाही तरी. बंधारा पुढच्या पावसात जाणारच आहे, दरवर्षी घालायचा असतो तो, त्यामुळे चूक झाली तरी फार काही बिघडत नाही. शिकायला म्हणूनच तो बरा.

हिशोबाकडे येऊ, कारण कोकणात मंडळं फुटतात ती ९० टक्के वेळा (हा माझा अंदाज, मोजलेलं नाहीये कोणी) पैशावरून नाही तर पैशाच्या संशयावरून. क्रिकेट बंद करून "विधायक" काहीतरी करा असं सांगणारे जाणते खूप भेटतील, त्यांचं ऐकू नको. टुर्नामेंट हीच पोरांची हिशोबाची शाळा कर. एंट्री फी किती टीमची आली, बक्षिसं, चषक, बॉल, साउंड, नाश्ता, युट्यूब लाइव्हवाल्याचे पैसे, सगळं एका वहीत, आणि संपल्यावर आठवड्याच्या आत तो कागद दुकानाबाहेर चिकटवायचा. खजिनदार वीस-बावीसचा ठेव, शक्यतो मुलगी, आणि बँकेच्या खात्यावर दोघांच्या सह्या. शिल्लक राहिली तर तिचं काय करायचं ते त्याच दिवशी सगळ्यांसमोर ठरव. पहिलं बक्षीस एखाद्या नेत्याने द्यायची पद्धत सगळीकडे आहे, मी नाही म्हणत नाही, पण एकाकडून घेतलंत तर दुसऱ्याकडूनही घ्या आणि बॅनरवर फोटो कोणाचाच नको. फोटो आला की मंडळाचे दोन तुकडे व्हायला पुढची निवडणूक पुरते.

रजिस्ट्रेशनची घाई करू नको. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली सात माणसं लागतात आणि त्याबरोबर १९५० च्या विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात नोंद होते, ते काही अवघड नाही. अवघड आहे ते नंतरचं, दरवर्षीचं ऑडिट, आणि कमिटी बदलली की ९० दिवसात बदल अर्ज. आपल्याकडे कितीतरी मंडळं कागदावर नोंदलेली आहेत पण विश्वस्त म्हणून अजून वारलेल्या माणसांची नावं चालू आहेत, मग एखादी देणगी नाहीतर जागा मिळायची वेळ आली की सगळं अडतं. वर्षभर वही नीट ठेवता आली तर मगच नोंदणीकडे जा. सार्वजनिक वर्गणी काढताना मात्र धर्मादायची ४१ सीची तात्पुरती परवानगी घेत जा, ऑनलाइन होते.

मुंबईकरांवर तू बराच चिडलायस असं दिसतंय. थोडं सबुरीने घे. आपल्या गावाचं मंडळ मुंबईत का आहे ते पोरांना माहीतच नसतं. गिरण्यांच्या काळात गावच्या माणसांनी एका खोलीत आळीपाळीने झोपून दिवस काढले, त्यातून ही गावाची मंडळं उभी राहिली, आणि त्यांनी पाठवलेल्या पैशातून शाळेच्या इमारती, देवळं, विहिरी झाल्या. १९८२ च्या संपानंतर कित्येकांचं सगळं गेलं तरी गावची वर्गणी त्यांनी चुकवली नाही. तेव्हा त्यांना गावात बोलायचा हक्क आहेच. प्रश्न एवढाच आहे की त्यांच्या डोळ्यासमोर गाव म्हणजे मे महिना आणि गणपतीचे दिवस. त्यामुळे त्यांना कमान हवी असते, सभागृह हवं असतं, देवळाला नवीन कळस हवा असतो, आणि फेब्रुवारीतली पाणीटंचाई त्यांनी बघितलेलीच नसते. त्यावर भांडून काही होत नाही. आधी बंधारा पूर्ण कर, हिशोबाचा कागद आणि फोटो त्यांच्या ग्रुपवर टाक, पैसे मागू नकोस. पुढच्या मे महिन्याच्या बैठकीत एवढाच मुद्दा ठेव की वर्षाची कामांची यादी गावात राहणारे करतील आणि त्यातल्या कुठल्या कामाला पैसे द्यायचे ते मुंबई मंडळ ठरवेल. हे बहुतेक जण मान्य करतात कारण पैशावरचा त्यांचा शब्द राहतो. आणि त्या बैठकीत यादी वाचून दाखवायला वाडीतलाच तो "नुसता फिरणारा" पोरगा उभा कर.

तुझ्या शिबिराचं बोलू. करिअर मार्गदर्शन फुकट गेलं कारण मुलांना यूपीएससीची गोष्ट नको होती, जूनमध्ये कागद मिळत नाहीत ही त्यांची अडचण आहे. दहावी-बारावीचा निकाल लागला की उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन क्रीमीलेअर, जातीचा दाखला ह्यासाठी तहसीलच्या ठिकाणी सेतूवर रांगा लागतात, सर्व्हर डाऊन असतो, आणि एका कागदासाठी पोराचा सीटवरचा हक्क जातो. जातीच्या दाखल्याला आणि पडताळणीला जुना पुरावा लागतो, ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१. हा पुरावा कुठं असतो तर आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये, जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत. मग मे महिन्यात घाई करण्यापेक्षा डिसेंबर-जानेवारीत वाडीतल्या प्रत्येक आठवी ते बारावीच्या मुलाची यादी करा, कोणाकडे काय आहे काय नाही ते लिहा, आणि त्या मुलांनाच आजोबांचा दाखला काढायला शाळेत पाठवा. अर्ज कसा लिहायचा, पोच कशी घ्यायची, क्लार्क उद्या या म्हणाला तर नम्रपणे "साहेब, तारीख लिहून द्या" कसं म्हणायचं, हे तिथंच शिकतात. हे मी बऱ्याच वाड्यांमधून करून बघितलंय, ह्याला मुलं येतात, आणि मुलांपेक्षा जास्त त्यांच्या आया येतात.

ह्याचा दुसरा फायदा असा की अर्ज लिहायला शिकलेलं पोरगं ग्रामपंचायतीत जायला बिचकत नाही. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला लागतात, बहुतेक २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरच्या आसपास. कोरम मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. कोरम नाही म्हणून सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागत नाही, मग पंधरा-वीस जणात वर्षाचा आराखडा मंजूर होऊन जातो, हे काही कारस्थान नसतं प्रत्येक वेळी, आपणच गेलेलो नसतो. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, तिचे ठराव ग्रामसभेपुढे येतात. पाण्याचा विषय तिथून आला तर तो बाजूला सारणं अवघड जातं, म्हणून बचत गटाशी आधीच ओळख करून घे म्हणाले.

"आमचं गाव आमचा विकास" मधला ग्रामपंचायतीचा आराखडा म्हणजे नेमकं काय हे वाडीत एकदा मोठ्याने वाचून दाखवा. पंधराव्या वित्त आयोगात जिल्ह्याला आलेल्यातले ८० टक्के ग्रामपंचायतीला ठेवले, आणि २०२१-२२ पासून त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छता, उरलेले ४० अबंधित. पोरं हटकून व्यायामशाळेची मागणी घेऊन जातात आणि पैसे नाहीत हे ऐकून परत येतात, आणि विहिरीचा गाळ नाहीतर गटार मागितलं असतं तर पैसे पडून होते. आयोग बदलला की टक्के बदलतात, म्हणून दरवर्षी ग्रामसेवकांना विचारून ते कागद बघूनच मागणी लिहायची. शिवाय ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याण आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च व्हायला हवेत, ते होतात का हा प्रश्न सभेत एका मुलीने उभं राहून शांतपणे विचारला तर काय शांतता पसरते ते बघण्यासारखं असतं.

मागणी तोंडी करू नको. अर्ज, पोच, आणि प्रोसिडिंगमध्ये (सभेच्या इतिवृत्तात) ठराव क्रमांक. माहिती अधिकाराचा कायदा २००५ चा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, ३० दिवसात उत्तर. हे सगळ्या पोरांना यायला हवं पण वापरायचं शेवटी. पहिल्याच महिन्यात माहिती अधिकार टाकलास तर सरपंच आणि ग्रामसेवक दोघंही पुढची पाच वर्षं तुझ्याशी फक्त कागदावर बोलतील, आणि वाडीला त्यांच्याशी रोजचं काम असतं.

रस्ता, पाखाडी, साकव, समाजमंदिर ह्यातलं काहीही काढलंस की जमीन आडवी येते. आपल्या सातबाऱ्यावर एकेका गुंठ्याला पंधरा-वीस नावं, निम्मे हयात नाहीत, बाकीचे नालासोपारा-दिव्याला, आणि दोन चुलते एकमेकांशी बोलत नाहीत. पिढ्यानपिढ्या लोक चालतात ती पाखाडी ग्रामपंचायतीच्या २३ नंबरला, म्हणजे रस्त्यांच्या नोंदवहीत आहे का हे पहिलं बघायचं. असेल तर निम्मं काम झालं. नसेल तर सहहिस्सेदारांची संमतीपत्रं नाहीतर बक्षीसपत्र, आणि ती गोळा करायची वेळ म्हणजे गणपती, सगळे एका छताखाली असतात आणि मूडही बरा असतो. आरती झाल्यावर, प्रसाद वाटताना, कागद घेऊन दोन पोरं बसवायची. थट्टा नाही करत, कितीतरी रस्ते असेच झालेत.

आता थोडं कडू बोलते. तू सगळीकडे "आमचं गाव" लिहिलंयस आणि सांगतोयस फक्त तुझ्या वाडीचं. तुझ्या गावात बौद्धवाडी असेल, बहुतेक मोहल्लाही असेल, खाडीकडेला मच्छीमारांची घरं असतील. त्यातली किती पोरं तुझ्या मंडळात आहेत? टुर्नामेंटला टीम म्हणून येतात, पण आयोजनात असतात का? जातीवरून असलेली वस्त्यांची नावं बदलायचा निर्णय सरकारने २०२० मध्ये घेतला, बोर्ड बऱ्याच ठिकाणी बदलले, पाणवठ्यावरच्या आणि पंगतीतल्या जागा मात्र बोर्डाने बदलत नाहीत. कोकणचे गांधी म्हणतात त्या अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीला गोपुरी आश्रमात संडास आणि मैलाखताचं काम काढलं, एवढा शिकलेला माणूस तुरुंगातही भंगीकाम मागून घ्यायचा, कारण त्यांना कळलेलं की ह्या विषयावर भाषण देऊन भागत नाही, हात घालावा लागतो. म्हणून माझं म्हणणं, बंधाऱ्याच्या पहिल्याच रविवारी वहाळावरच्या सगळ्या वाड्यांना बोलव आणि नाश्ता एकाच ठिकाणी, एकाच भांड्यातून. घरी कुजबूज होईल. होऊ दे.

आणि कुजबूज वाढून गावकीपर्यंत गेली तर काय, हे पण माहीत असू दे. वाळीत टाकणं आपल्या किनारपट्टीवर अजून संपलेलं नाही, रायगडात तर ह्यावरून पोलीस केसेस झाल्यात. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याचा २०१६ चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण मी पोरांना सांगते की कायदा खिशात ठेवा, हातात नको. आधी गावकीतला एक तरी जाणता आपल्या बाजूला घ्या. प्रत्येक गावात एक असा असतो, जो बैठकीत कमी बोलतो आणि बोलला की विषय संपतो. त्याच्याकडे कामाच्या आधी जा, अडचण आल्यावर नाही.

आपत्तीचं एक राहिलं. जून २०२० चं निसर्ग वादळ दापोली-मंडणगडला छपरं आणि नारळी-पोफळी घेऊन गेलं, २२ जुलै २०२१ ला चिपळूणात पाणी भरलं तेव्हा आसपासच्या वाड्यांतली पोरं फावडी घेऊन चिखल काढायला स्वतःहून आली, कोणी शिबिर घेतलेलं नव्हतं त्यांचं. ते बघून मी बाकी काही नाही, एक वही तयार करायला लावते, प्रत्येक घरात कोण म्हातारं, कोण आजारी, कोणाचं घर दरडीखाली, कोणाच्या घरी मुंबईचा कुठला नंबर. जिथं ही यादी होती तिथं पंचनाम्याच्या वेळी तलाठ्याच्या मागे पळावं लागलं नाही. पोरांचा एक दिवस जातो, दर मे महिन्यात दुरुस्त करायची.

"तू इलेक्शनला उभा राहणारेस ना" हे तुला सगळे विचारणार आहेत, पहिल्या बंधाऱ्यानंतरच. खोटं बोलू नको. उभं राहायचं असेल तर तसं सांग आणि मंडळाचं पद सोड, नसेल तर पाच वर्षं कोणत्याही पॅनलच्या फॉर्मवर सूचक म्हणून सही पण करू नको. आणि पोटापाण्याचं आधी बघ बाबा. पूर्ण वेळ समाजकार्य करणारा आणि घरून पैसे मागणारा पोरगा वाडीत कोणालाच आवडत नाही, त्याच्या आईला तर नाहीच. आठवड्यातला एक रविवार आणि दोन संध्याकाळी एवढंच दे, उरलेलं दुसऱ्या कोणीतरी करायला हवं अशी गरज पडू दे, म्हणजे मग ते करतील.

पिशव्यांचं मात्र आत्ताच बघून ठेव. नोव्हेंबरात सगळ्यांनाच लागतात तेव्हा मिळत नाहीत, जिथं घराचं काम चालू असेल त्या गवंड्याला आजच सांग की रिकाम्या पिशव्या फाडू नका, बाजूला ठेवा. आणि वहाळ बघायला जाशील तेव्हा रोज पाण्याला जाणाऱ्या दोन बायकांना बरोबर घे, कातळ कुठं वर आहे आणि पाणी कुठं मुरतं ते त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.